एक नग पंप, पुलीसह

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार. सकाळी ६.४०

नवीन वही. आजपासून रोज लिहायचं. फक्त कामाचं, बाकी भानगडी नाहीत.

आजची स्थिती. गाडी: कॉन्टेसा, सन १९९६, मूळ रंग मरून, सध्याचा रंग सांगता येत नाही. इथे बालाघाटजवळ, भरवेलीच्या मँगनीज खाणीतून रिटायर झालेल्या एका साहेबांकडून घेतली. त्यांच्या शेडमध्ये अकरा वर्षं उभी होती, शेवटची चार वर्षं तिच्यात कोंबड्या राहात. इंजिन झालं. ब्रेक झाले. सीटकव्हर नवीन. राहिलं फक्त पॉवर स्टिअरिंग. गाडी स्टार्ट केली की बॉनेटखाली जातं फिरल्यासारखा आवाज येतो आणि खाली लाल तेल ठिबकतं. पंप गेला.

मुदत: २४ नोव्हेंबर, रविवार. वारासिवनीला खुशीचं डोहाळजेवण. खुशी म्हणजे माझ्या बायकोच्या, अहिल्याच्या, धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण सत्यभामा गेली तेव्हा पोरगी बारा वर्षांची होती. ती आमच्याकडे वाढली, इथून कॉलेजला गेली, इथूनच सासरी गेली. तिचं माहेर म्हणजे हे घर. माहेरची पहिली ओटी अहिल्याने भरायची, दुसऱ्या कोणाला तो मान नाही. आणि अहिल्या जाणार ती आपल्या गाडीतून. तसं मी खुशीला फोनवर सांगून टाकलं आहे.

अठरा दिवस आणि एक पंप. एकतीस वर्षं मी सरकारी खात्याच्या मोटार वर्कशॉपमध्ये भांडारपाल होतो. वॉशरपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं माझ्या हाताखालून गेलं. मला घाई करायची गरज नाही.

संकल्प: मेकॅनिकवर चिडायचं नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

नथ्थू मेकॅनिक भरवेलीहून मोटरसायकलने आला. खाणीचे ट्रक दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, पण शिस्त नाही. बेल्ट दाबला, नळीवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. म्हणाला, बाबूजी, पंप नाही मेला. त्याचं सील गेलं. सीलचं नवं किट टाकून देतो, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

मी त्याला समजावलं की भांडारात अर्धा मेलेला असा प्रकार नसतो. नग एकतर वापरण्यालायक असतो, नाहीतर निकामी. मधला कॉलम रजिस्टरमध्ये छापलेलाच नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पेरूच्या झाडाकडे बघत राहिला.

निर्णय: दुरुस्ती नाही. पूर्ण पंप बदलायचा.

अहिल्याने विचारलं, तो सांगून राह्यला तर त्याचं काहून ऐकत नाही तुम्ही? मी म्हटलं, हा तुझा विषय नाही. ती आत गेली. आत जाताना उंबऱ्यावर थांबून आधी एक पाय, मग दुसरा, असं करावं लागतं तिला. दोन्ही गुडघे गेले आहेत. म्हणूनच तर गाडी.

संध्याकाळी शेजारचे हिरालालजी फाटकावर आले. म्हणाले, भाईसाहब, चौबीस के संडे को मेरी गाड़ी ले जाओ, मैं खुद छोड़ दूँगा भाभीजी को. आभार मानून नकार दिला. त्यांची गाडी नवीन आहे आणि ते ती दाखवायची संधी शोधत असतात.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

पंप खोलला. म्हणजे नथ्थूने खोलला, मी देखरेख केली. प्रत्येक बोल्ट वेगळ्या पाकिटात, पाकिटावर नाव, तारीख, माझी सही. एकूण सत्तावीस पाकिटं. नथ्थू म्हणाला, चार बोल्ट तर आहेत बाबूजी. बाकीची पाकिटं वॉशरची आणि दोन रिकामी आहेत, पुढे लागतील म्हणून.

मग तो म्हणाला, पंप पाठवायच्या आधी त्याची पुली काढून ठेवू. ते चाक हो, ज्याच्यावरून बेल्ट फिरते. नवीन पंपासंगं पुली येत नाही, जुनीच काढून बसवा लागते.

इथे मला ठाम राहावं लागलं. नियम असा आहे की जुना नग पूर्ण जमा करायचा, मगच नवा नग मिळतो. एकतीस वर्षांत मी अपुरा नग जमा करून घेतलेला नाही. एक ड्रायव्हर लामट्याहून हॉर्न घेऊन आला होता, ब्रॅकेट नव्हतं, त्याला परत पाठवला. दुसऱ्या दिवशी ब्रॅकेट घेऊन आला. सांगायचा मुद्दा असा की जगात काम असंच होतं.

पंप पुलीसकट खोक्यात बांधला, लाखेचं सील मारलं, नागपूरला प्रीतमच्या दुकानात पाठवला. प्रीतम जुन्या गाड्यांचं सामान ठेवतो. तो फोनवर म्हणाला होता की जुना नका पाठवू, फोटो टाका फक्त. फोटो जमा करून घेणारं भांडार मी अजून पाहिलेलं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

वाट पाहणे.

रिकाम्या वेळात घराची तपासणी केली. समाधानकारक. दोन वर्षांपूर्वी मागचं दार विटांनी बुजवून घेतलं, कंपाउंडवर काचा लावल्या. भांडाराला दार एकच असावं, म्हणजे कोण आलं कोण गेलं ते कळतं. तेव्हापासून एकही चोरी नाही. अहिल्या म्हणते, आधी कुठे होत होती. ती अशी बोलते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी १२

पंप आला. काळा, तुकतुकीत, ग्रीसचा वास. रजिस्टरला नोंद घेतली. अहिल्याला बोलावून दाखवला. तिने विचारलं, आता चोवीसले जमते न? मी म्हटलं, चोवीसला तू मागच्या सीटवर राणीसारखी बसशील.

दुपारी १२.४०

नथ्थूने पंप हातात घेतला, उलटसुलट केला आणि माझ्यापुढे हात पसरून म्हणाला, पुली.

पुली नाही.

दुपारी १.१५

प्रीतमला फोन. त्याच्याकडे जुना पंप पोचला त्याच दिवशी भंगाराच्या गाडीत गेला. म्हणाला, भाऊ, मी तर पाठवू नका म्हनलो होतो. फोनवर आवाज नीट येत नव्हता, त्यामुळे पुढचं ऐकू आलं नाही.

नथ्थूने पंप परत खोक्यात ठेवला आणि हात पुसले. त्याने काहीतरी बोलायला हवं होतं, मग मला उत्तर देता आलं असतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

अडचणीतून मार्ग काढला. वारासिवनीला एक लेथवाला आहे, राइस मिलच्या पुल्या करून देतो. नथ्थूचं म्हणणं पडलं की नवीन पंप घेऊनच तिथे जावं, शाफ्टचं माप तो स्वतः घेईल. पण पंप रजिस्टरवर चढलेला आहे, बाहेर न्यायचा तर गेटपास करावा लागेल, आणि गेटपासवर सही करणारा व घेणारा एकच माणूस चालत नाही. मी माप तोंडी सांगितलं. अशी मापं मला पाठ आहेत.

अहिल्या ओटीचं सामान काढून बसली आहे. हिरवी साडी, खण, नारळ, तांदूळ. सत्यभामाची चांदीची वाटी चिंचेने घासली. ती वाटी दोन वेळा घासली. मी कारण विचारलं नाही.

२० नोव्हेंबर, बुधवार

पुली आली. शाफ्टवर घातली तर बांगडीसारखी फिरते. भोक मोठं झालं. मी सांगितलेलं माप जीपच्या पंपाचं असावं, असं नथ्थूचं मत. लेथवाल्याने मी जे सांगितलं ते जसंच्या तसं केलं. हल्ली स्वतःचं डोकं कोणी चालवत नाही.

हिरालालजी पुन्हा येऊन गेले. अहिल्या मला म्हणाली, हौ म्हना न त्याइले. खुशी माई वाट पाहून राह्यली. मी म्हटलं, चार दिवस आहेत. तिने विचारलं, अन् नाही झालं तर? असे प्रश्न लोक विचारतात म्हणून कामं रखडतात.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नथ्थूने नळ्यांची तोंडं बंद केली. पंपाशिवाय गाडी चालते म्हणतो. स्टिअरिंग जड लागेल, चालू गाडीत कमी, उभ्या गाडीत फार. म्हणाला, रविवारी मीच चालवतो बाबूजी, तुमच्या हाताचं काम नाही हे.

नाही म्हटलं. माहेरची गाडी माहेरच्या माणसाने चालवायची.

संकल्प: रोज सकाळी पन्नास वेळा हात गोल फिरवणे. आज अकरा झाले. खांदा दुखतो.

२३ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४

तालीम म्हणून गाडी फाटकापर्यंत नेऊन आणायचं ठरवलं. नथ्थू नव्हता. तालमीला तो कशाला हवा.

दुपारी ४.२५

गाडी फाटकात आहे.

नीट लिहितो. पोर्चपासून रस्त्यापर्यंत उतार आहे. फाटकाबाहेर नाली आहे, तिच्यावर फरशी आहे, फरशी उजव्या बाजूला. म्हणून बाहेर पडताना उजवीकडे वळवावं लागतं. मी वळवलं. स्टिअरिंग चार बोटं फिरलं आणि थांबलं. गाडी थांबली नाही. पुढचं डावं चाक नालीत उतरलं, गाडी डावीकडे कलली आणि फाटकाच्या डाव्या खांबाला टेकून बसली.

अर्धी गाडी अंगणात, अर्धी रस्त्यावर. पुढची दारं बाहेर उघडतात, मागची आत. उजवा खांब आणि गाडी यांच्यामधून मांजर जाईल, माणूस जाणार नाही.

संध्याकाळी ५.३०

दूधवाला आला. मार्ग सापडला. मागच्या दाराने गाडीत शिरायचं, पुढच्या सीटवरून ओलांडायचं, ड्रायव्हरच्या दाराने रस्त्यावर. स्वतः जाऊन पाहिलं. एकदा डोकं आपटलं, पण दळणवळण सुरळीत आहे.

अहिल्या ओट्यावर उभी राहून हे पाहत होती. तिने एवढंच विचारलं की ती कशी जाईल.

संध्याकाळी ६.१०

हिरालालजी चार माणसं घेऊन आले. ढकललं. गाडी हलत नाही, चाक नालीत आणि अंग खांबावर. ते म्हणाले, पिलर तोड़ दो भाईसाहब, बीस मिनट का काम है. भाभीजी का रास्ता भी हो जाएगा.

डाव्या खांबावर माझ्या नावाची संगमरवरी पाटी आहे. रिटायर झालो त्या दिवशी लावली. म्हटलं, सकाळी उजेडात पाहू.

२४ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८.१०

नथ्थू जॅक घेऊन आला. नालीत चिखल, जॅक खाली जातो. क्रेनवाला लग्नाला गेला आहे. नथ्थूने पुढची सीट खोलायला घेतली, दोन बोल्ट तुटले, दोन गंजलेले हलत नाहीत. तोही म्हणाला, खांब पाडा लागते.

सकाळी ९.०५

अहिल्या तयार. हिरालालजींची गाडी बाहेर रस्त्यावर इंजिन चालू करून उभी. मध्ये फक्त आमची गाडी.

ती मागच्या सीटवर जाऊन बसली. ओटीचं ताट माझ्याकडे दिलं, पाय उचलून पुढच्या सीटवर ठेवायला गेली. गुडघा वाकला नाही. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघाला. तिसऱ्यांदा तिने केला नाही. ताट मागून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि तिथेच बसून राहिली.

सकाळी १०.३०

नथ्थू घण घेऊन खांबापाशी उभा. माझ्या तोंडाकडे बघतो. अहिल्याही मागच्या काचेतून बघते. मी म्हटलं, अर्धा तास थांब, जॅकखाली फळी टाकून पाहू.

का म्हटलं ते मला सांगता येत नाही. खांब साध्या विटांचा आहे.

दुपारी १२.२०

मुहूर्त होऊन गेला. खुशीचे तीन फोन. अहिल्याने उचलला नाही, तिसरा मी उचलला. म्हटलं, निघतोच आहोत. फळी मोडली.

दुपारी १.४५

ती अजून सीटवर. पाणी नको, जेवण नको, उतरत नाही. दोनदा जाऊन आलो. सीट आरामशीर आहे का हे विचारायचं मनात आलं होतं. विचारलं नाही.

दुपारी ३.१५

खुशी आली.

तिच्या नवऱ्याच्या, रजतच्या गाडीतून उतरली. सातवा महिना, हिरवी साडी, डोक्यात, हातात, कमरेला फुलांचे दागिने, तसेच अंगावर घेऊन आली. तिने नाली पाहिली, खांब पाहिला, मागच्या सीटवरची मावशी पाहिली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून सीटवर आडवी बसली, पाय रस्त्यावर, आणि दोन सीटांच्या मधून पदर मागे पसरला. म्हणाली, मावशी, भर.

अहिल्याने मागच्या सीटवरून ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, फळं. बरेच तांदूळ गिअरपाशी सांडले. वाटी देताना ती म्हणाली, तुया आईची आहे. मग दोघी रडल्या. सासरी ओटीच्या वेळी माहेरची कोण म्हणून विचारलं तेव्हा खुशीने पहिली ओटी कोणाला भरू दिली नाही, म्हणे. सगळ्यांना थांबवलं आणि निघून आली.

हे सगळं मी अंगणातून, मागच्या काचेतून पाहिलं. पुढे जायला रस्ता नव्हता. मला लाज वाटली. हे आजच लिहून ठेवतो, कारण उद्यापर्यंत मी याला वेगळं वळण दिलेलं असेल.

दुपारी ४

अहिल्याने काच खाली केली आणि नथ्थूला सांगितलं, पाड तो खांब. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हिरालालजी बीस मिनट म्हणाले होते, बारा लागली. पाटीचे तीन तुकडे झाले.

अहिल्या उतरली, विटांवरून आडवं पाऊल टाकत, खुशीचा हात धरून बाहेर गेली, रजतच्या गाडीत बसली. रजतने आतून तिची बॅग नेली. बॅग कधी भरली होती मला माहीत नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

क्रेनवाल्याने गाडी नालीतून काढली. नथ्थूने प्रीतमला फोन करून दुसऱ्या एका जुन्या पंपाची पुली मागवली. बरोबर बसली. बेल्ट, तेल, हवा काढणे, सगळं मिळून अर्धा दिवस. आवाज नाही, गळती नाही. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं. सात नोव्हेंबरला किट टाकलं असतं तर इतकंच लागलं असतं का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, हौ.

एकंदरीत काम यशस्वी. थोडा उशीर.

अहिल्याला फोन केला. सांगितलं, गाडी तयार. ती म्हणाली, बरं झालं. कधी येतेस विचारलं. म्हणाली, खुशीचं होऊ द्या. म्हणजे फेब्रुवारी.

संकल्प: फेब्रुवारीची वाट न पाहता स्वतः जाऊन घेऊन येणे. समोर गाडी उभी राहिली की ती नाही म्हणणार नाही.

८ डिसेंबर, रविवार

वारासिवनीला गेलो. गाडी लोण्यासारखी चालली. लोक वळून बघत होते. खुशीच्या दारापुढे एका झटक्यात लावली, पुढेमागे करावी लागली नाही.

अहिल्या बाहेर आली. तब्येत बरी दिसली. मी मागचं दार उघडून धरलं. म्हटलं, घरी नको तर नको, गावात एक चक्कर मारून आणतो, बस. ती म्हणाली, मी बसली आहे त्या गाडीत. सकाळपासून चार वाजेपर्यंत बसली. झालं माह्यं बसनं.

रागाने म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती रागात नव्हती. मला उन्हातून आत या म्हणाली, जेवून जा म्हणाली. खुशीने वाढलं. मावसाजी, अजून घ्या, म्हणाली. घेतलं. पंपाबद्दल मी कोणाला काही सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

साडेतीनला एकटा निघालो. वारासिवनी ते बालाघाट स्टिअरिंग एका हाताने सहज फिरलं. दुसरा हात कुठे ठेवावा ते कळेना.